डावी नळी

जिल्हा नवा झाला त्या साली पाऊस जुन्या जिल्ह्यातच राहून गेला, असं गावातली माणसं म्हणायची आणि आपल्याच बोलण्यावर कोरडं हसायची. कामकाजाला आता उस्मानाबादेची लांबण उरली नव्हती, लातूर जवळ आलं होतं. पण विहिरींचं पाणी खाली गेलं ते गेलंच. पौषातच ज्वारीची ताटं गुडघ्याएवढी होऊन वाळली. माघात बैलांना बाजार दाखवावा लागला. फाल्गुन सरता सरता धुरपताबाईच्या दावणीला एकच जीव राहिला. चांदी. देवणी जातीची गाय, पांढऱ्या अंगावर काळे ढप्पे, रुंद कपाळ, लोंबते कान, आणि पोटात वासरू.

तिला गावाबाहेरच्या छावणीत नेऊन बांधलं. आटलेल्या तळ्याच्या पोटातच छावणी पडली होती. बांबू रोवून वर पाचटाची सावली केलेली, आणि तिच्याखाली पंचक्रोशीतली गुरं रांगेनं उभी. एकीच्या फऱ्याला दुसरीची शिंगं लागावीत इतकी दाट. चारा वाटणारा ईश्वरप्पा निलंग्याकडचा होता. बोलताना मधेच कानडी शब्द टाकायचा आणि पेंढी हातात देताना जनावराच्या मालकाकडं न बघता जनावराच्या पोटाकडं बघायचा.

धुरपताबाई गाईसोबत छावणीतच राहायला गेली. नरसिंग, तिचा मुलगा, हमीच्या कामावर पाझर तलावाची माती वाहायला जात होता. तारामती, त्याची बायको, दिवस उगवायच्या आत भाकरी थापून सासूसाठी फडक्यात बांधायची आणि छावणीची वाट धरायची. गेल्याबरोबर दोघी मिळून शेण काढायच्या. वाळकं, तंतू तंतू झालेलं शेण. टोपली डोक्यावर घेतली की मानेत कळ भरायची. मग टँकर यायचा. टँकर आला की सगळी छावणी एकदम हंबरायची.

धुरपताबाई अंगानं एवढीशी. गालफडं बसलेली, उजव्या हाताची करंगळी कोयत्यानं तुटून वाकडी जुळलेली. तिचं कुळदैवत माळेगावचा खंडोबा. रविवारी ती कुत्र्याला चतकोर भाकरी घातल्याशिवाय तोंडात घास घालत नसे. छावणीतही तिचा तो नेम चुकला नाही. एक तांबडं, कानाची पाळ तुटलेलं कुत्रं तिथं उकिरड्यावर पडून असायचं. ती "यूऽ यूऽ" करायची, ते शेपूट हलवत यायचं. भाकरी पुढं ठेवून ती दोन्ही हात जोडायची.

"धुरपतामाय, देवाला जोडायलीस का कुत्र्याला?" शेजारच्या दावणीची केवळाबाई विचारायची. बौद्धवाड्यातली बाई, एक कालवड घेऊन छावणीत आलेली. तिची जीभ तिखट होती आणि हात मोकळा.

"ज्यानं खाल्लं त्याला," धुरपताबाई म्हणायची.

चैत्राच्या तोंडाला ईश्वरप्पा एका सकाळी पेंढ्या वाटायच्या सोडून धुरपताबाईसमोर येऊन बसला.

"अक्का, नदीपल्याड पिसाळलेलं कुत्रं फिरायलंय. दोन कालवडी धरल्या त्यानं. एक तर तोंडाला फेस येऊन खुंट्याला डोकं आपटून मेली."

केवळाबाईचा हात कालवडीच्या पाठीवर होता तो तिथंच थांबला. "माणसाला चावलं तर पोटात सुया हायत. गुराला काय हाय?"

"गुराला काय न्हाई," ईश्वरप्पा म्हणाला. "म्हून तर आलो. आपली गुरं बांधलेली. पळायचं म्हटलं तरी पळता येत न्हाई त्यांना. आत शिरलं तर रांगच्या रांग चावत जाईल. अक्का, तुमची बंदूक हाय ना?"

बंदूक होती. धुरपताबाईचा नवरा हणमंतराव, त्याची दुनळी बारा बोअर. रानडुकरं हाकलायला म्हणून त्याला परवाना मिळालेला. तो गेला तेव्हा नरसिंग लहान होता, म्हणून परवाना बाईच्या नावावर चढला आणि तसाच राहिला. जिल्हा नवा झाल्यावर ती बंदूक लातूरला नेऊन दाखवायचा हुकूम आला. धुरपताबाईनं ती गोधडीत गुंडाळली आणि एस.टी.त मांडीवर आडवी घेऊन बसली. कंडक्टरनं विचारलं, "आजी, लेकरू झोपलंय का?" लातूरला कचेरीत विचारलं, "बंदूक कुणाची?" ती म्हणाली, "माझी." बाकावर बसलेली सगळी हसली. ती पण थोडी हसली. बाजूला उभा असलेला नरसिंग मात्र आपल्या चपलांकडं बघत राहिला. घरी आल्यावर तो तारामतीला म्हणाला होता, "गावात एक बंदूक, आन ती बायकोमाणसाच्या नावावर. मला तोंड दाखवायला जागा न्हाई. लातूरला जाऊन माझ्या नावावर करून घेतो."

म्हणून छावणीचं बोलावणं आलं तसा नरसिंगाला हुरूप आला. उदगीरहून मोठ्या आणि बारीक, दोन्ही छऱ्यांची काडतुसं आणून संध्याकाळी तो घरी न जाता थेट छावणीत आला.

"एलजी," त्यानं एक काडतूस तळहातावर धरून दाखवलं. "ह्यात बोरांएवढे छर्रे असतेत. डुकराला आडवं करतंय हे. कुत्र्याचं काय घेऊन बसलात?"

भोवती जमलेल्या माणसांनी माना हलवल्या. मोठा छर्रा म्हणजे खात्रीचा, हे गावात कुणाला सांगावं लागत नव्हतं.

धुरपताबाईनं काडतूस हातात घेतलं, कानाशी नेऊन हलवलं, आणि परत दिलं.

"उद्या आधी तुराट्यांच्या तट्ट्यावर मारू," ती म्हणाली.

"कशाला? काडतुसं काय झाडाला लागतेत?"

"रांगेत गुरं हायत, नरसिंगा. बंदूक काय करती ते आधी बघू."

"बंदूक काय करती? बंदूक मारती!" कुणीतरी मागून म्हणालं, आणि सगळे हसले. नरसिंगही हसला. धुरपताबाईनं पदर सावरला आणि चांदीपुढं पेंढी सोडली.

तारामतीला रात्रभर ते हसणं आठवत राहिलं. लग्न होऊन आली तेव्हा सासरा जिवंत नव्हता. पण सासूच्या तोंडून तिनं ऐकलं होतं. खंडेनवमीला बंदूक खाली उतरायची, हळदकुंकू लागायचं, आणि दुसऱ्या दिवशी हणमंतराव बाभळीला तट्ट्या टेकवून दोन्ही नळ्यांनी एकेक बार काढायचा. तट्ट्या पांढऱ्या मातीनं सारवायचं काम बायकोचं. बार झाल्यावर भोकं बुजवून परत सारवायचं कामही तिचंच. त्याला बार काढण्यात रस, तो बार काढून पान खायला निघून जायचा. ती भोकांपुढं बसून राहायची.

दुसऱ्या दिवशी टँकरच्या पाण्यातली स्वतःच्या वाटणीची चरवी धुरपताबाईनं पांढऱ्या मातीत ओतली. तेवढ्या एका चरवीसाठी टँकरपाशी चार बायका भांडत होत्या.

"आत्याबाई, प्यायला काय राहील?"

"तुझ्यातलं दे घोटभर," धुरपताबाई म्हणाली आणि तट्ट्यावर हात फिरवू लागली. कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत, एकसारखा, देव्हाऱ्यापुढची जागा सारवावी तसा.

तळ्याचा बांध उंच होता. त्याच्या पोटाला तट्ट्या उभा केला, म्हणजे चुकलेला छर्रा मातीत जावा. चांदीच्या गळ्यातला कासरा सोडून धुरपताबाईनं तो जमिनीवर पसरला, टोकाला खूण केली, परत पसरला. असे चार कासरे अंतर झाल्यावर ती थांबली. "इथनं मार. उजवी नळी. तुझं एलजीच घाल."

नरसिंगानं बंदूक मोडली, काडतूस घातलं, खटकन मिटली, खांद्याला लावली. बार झाला. छावणीतली गुरं दाव्यांना हिसके देऊन उठली. धुरळा बसायच्या आत माणसं तट्ट्याकडं धावली.

तट्ट्यावर दोन भोकं होती. एक वरच्या कोपऱ्यात, एक खालच्या काठाला. मधली पांढरी माती जशीच्या तशी.

"लागलं की," नरसिंग म्हणाला.

"दोन लागले," धुरपताबाई म्हणाली. "आत होते त्यातले बाकीचे कुठं गेले?"

केवळाबाईच बोलली. "गेले माझ्या कालवडीत."

कुणाला हसू आलं नाही. बांधाच्या मातीत, तट्ट्यापासून हातभर डावीकडं एक, उजवीकडं दोन, अशी खोल छिद्रं ईश्वरप्पानं काडी घालून दाखवली. काडी पार आत गेली.

"मोठा छर्रा मोजकाच मावतो," धुरपताबाई म्हणाली. ती कुणा एकाला सांगत नव्हती, भोकांशी बोलल्यासारखी बोलत होती. "मोजके असले की पांगल्यावर मधी जागा सोडतेत. त्या जागेतनं कुत्रं निघून जातंय. आन जो कुठं जाईल तो एकटाच गाय पाडतो. तारे, सारव."

तारामतीनं भोकं बुजवली, ओल्या हातानं पांढरं केलं. मग उजव्या नळीत बारीक छऱ्यांचं, चार नंबरचं काडतूस गेलं. तेवढ्याच अंतरावरून बार झाला. ह्या खेपेला सगळा तट्ट्या देवी आल्यागत झाला, काठापासून काठापर्यंत, आणि काठाबाहेर मातीतही. चांगली घोंगडीभर जागा छऱ्यांनी धरली होती. धुरपताबाईनं आपला पंजा पसरून तट्ट्यावर ठेवला. पंजाखाली कुठं दोन भोकं, कुठं एकही नाही.

"आता डावी."

"डावी?" नरसिंगाच्या कपाळाला आठी पडली. "ती आंधळी नळी हाय, माय. बाबाच म्हणायचे. तित्तर समोरून उठलं तरी डावीनं कधी पडलं न्हाई."

"तुझा बाप चांगला माणूस व्हता," धुरपताबाई म्हणाली. "पण त्यानं तट्ट्या कधी बघितला न्हाई. ती नळी तोंडाशी जराशी आवळलेली हाय. पिशवीची नाडी ओढावी तशी. छर्रे निघतेत ते खांद्याला खांदा लावून निघतेत, लांब जाऊन मग सुटे व्हतेत. पायाजवळनं उठलेलं तित्तर त्या एवढ्याशा घोळक्यात सापडणार कसं? आन सापडलं तर खायला काय उरणार?"

केवळाबाई फिस्सकन हसली. नरसिंगानं डावीत चार नंबर घातलं आणि मारलं.

तट्ट्याच्या मधोमध परातीएवढी जागा काळवंडली होती. धुरपताबाईनं पंजा ठेवला. बोटांच्या फटींतून, करंगळीच्या वाकड्या कडेनं, सगळीकडं भोकंच भोकं. तारामती पुढं झाली आणि तिनं आपला हात सासूच्या हाताशेजारी ठेवला. का ठेवला ते तिला सांगता आलं नसतं. भोकांच्या कडा अजून गरम वाटत होत्या.

दोन कासऱ्यांवरून परत मारून पाहिलं. डावीनं भाकरीएवढं भगदाड पाडलं, पार फाडूनच टाकला तट्ट्या.

"म्हणजे डावीच," ईश्वरप्पा म्हणाला. "ठरलं."

"ठरलं कुठं?" धुरपताबाई खाली बसली होती, गुडघे धरून. "भाकरीएवढं मारती म्हणजे भाकरीएवढंच मारती. हात जरा हालला की कुत्रं सुटलं. उजवी हात हाललेला पोटात घालती. डावी न्हाई घालत."

तट्ट्याजवळ उभ्या माणसांपैकी एकजण पुटपुटला, "मंग म्हातारीच्या हातात कशाला देताव? नरसिंग हाय की."

नरसिंगानं बंदूक आईकडं दिली नाही, स्वतःकडंही ठेवली नाही. चांदीच्या दावणीशी गोधडीवर ठेवून तो पाझर तलावाकडं निघून गेला. त्या दिवसाची हजेरी अर्धी बुडाली होती.

मधे काही दिवस गेले. ऊन चढत गेलं. पाचटाच्या सावलीतही गुरं धापा टाकायची. चांदीची कास भरायला लागली, आणि धुरपताबाई तिच्या पोटावर कान ठेवून बसायची. तांबडं कुत्रं मात्र उकिरड्यावर दिसेनासं झालं. रविवारी तिनं "यूऽ यूऽ" केलं, ते आलं नाही. तिनं भाकरी तशीच ठेवली. कावळ्यांनी नेली.

ते परत आलं एका सकाळी, शेण काढायच्या वेळेला.

तारामतीनंच आधी पाहिलं. ते उकिरड्याकडून येत नव्हतं, तळ्याच्या खोल, मधल्या अंगानं येत होतं. मागचा पाय फेंगडा पडत होता. खालचा जबडा लोंबलेला, त्यातून लाळेची तार जमिनीपर्यंत. ते कुणाकडंच बघत नव्हतं. बांबूला धडकलं, बांबूलाच चावलं, आणि सरळ रांगेत शिरलं.

"कुत्रंऽ! पिसाळलेलं कुत्रंऽ!"

बायका टोपल्या टाकून बांधावर चढल्या. पुरुष जवळजवळ सगळे कामावर होते. ईश्वरप्पा पेंढ्यांच्या गंजीवर चढून ओरडत होता, "मारा! मारा कुणीतरी!" गुरांनी दाव्यांना असे हिसके दिले की खुंटे हालले. कुत्रं केवळाबाईच्या कालवडीखाली जाऊन उभं राहिलं. कालवडीचे पाय थरथरत होते. त्यापलीकडची गाय चांदी.

धुरपताबाईनं गोधडी उलगडली होती. बंदूक मोडून तिनं डाव्या नळीत चार नंबरचं काडतूस घातलं, उजवी रिकामीच ठेवली.

"आत्याबाई, दोन्ही भरा! एक चुकलं तर..."

"घाबरून बोट उजवीवर गेलं तर? रिकामी असलेली बरी." तिनं बंदूक मिटली. "चुकलं तर माझं चुकू दे. गाईचं नको. तारे, माझा पदर धर मागनं. घट्ट. मी मागं बघणार न्हाई. तू माझे डोळे हो. खड्डा आला, दगड आला, तर सांग."

तारामतीनं पदर मुठीत धरला. पदरातून पलीकडच्या अंगाचा कंप तिला जाणवेल असं वाटलं, तो जाणवला नाही.

धुरपताबाई कालवडीकडं गेली नाही. ती आडवी चालत मोकळ्या जागेत आली. बंदूक अजून खाली होती. गंजीवरून ईश्वरप्पा ओरडला, "अक्का, आता मारा ना! समोर हाय!"

समोर होतं, पण कालवडीच्या चार पायांच्या मधे होतं, आणि पाठीमागं चांदी.

धुरपताबाईनं हाक मारली.

"यूऽ यूऽ. ये बाळा. यूऽ."

बांधावरच्या बायकांनी ती ओळखली. रविवारची हाक होती ती. कुत्र्याचा तुटका कान हालला. मान वाकडी करून ते बघू लागलं, आणि त्याच्या त्या बघण्यात ओळख होती का नव्हती हे तारामतीला पुढं कधीच ठरवता आलं नाही. ते कालवडीखालून निघालं. एकदा पडलं, उठलं, परत निघालं.

"मागं दगड, आत्याबाई. डावीकडनं या."

धुरपताबाई डावीकडनं मागं सरली. हाक मारत मारत, पाऊल पाऊल. कुत्रं आवाजाच्या मागं वळत होतं. आता त्याच्या पाठीमागं गुरांची रांग होती. धुरपताबाई आणखी सरकली, अर्धा गोल फिरली, अनवाणी टाचा मातीत रोवत. तारामतीला कळलं तेव्हा तिच्या अंगावर काटा आला. सासू कुत्र्याला नव्हती फिरवत, ती त्याच्या पाठीमागचं फिरवत होती. आधी रांग, मग रिकामी गव्हाण, मग उकिरड्याचा उंच ढीग. शेणामातीचा ढीग कुत्र्याच्या मागं आला तशी ती थांबली.

"पुढं यायलंय, आत्याबाई! मारा!"

"थांब. अजून लांब हाय."

ते आलं. लाळ, फेंगडा पाय, धाप. एक कासरा अंतर कमी झालं, अजून एक कासरा कमी झालं. तारामतीनं डोळे मिटायचे नाहीत म्हणून ओठ चावला. पदरातून तिला सासूचा श्वास लागत होता. आत गेला, आणि तिथंच राहिला. बंदूक वर आली. वाकडी करंगळी दांड्याच्या मागं राहिली.

"येळकोट," धुरपताबाई इतकंच म्हणाली.

बार झाला. तिचं एवढंसं अंग मागं ढकललं गेलं आणि तारामतीच्या छातीवर आदळलं. दोघी खाली बसल्या. धूर निवळला तेव्हा कुत्रं उकिरड्याच्या पायाशी कुशीवर पडलं होतं. पाय हालले नाहीत. आवाजही केला नव्हता त्यानं.

"गुरं बघ," धुरपताबाई म्हणाली.

"आत्याबाई, तुमचा खांदा..."

"आधी गुरं बघ."

तारामती उठली. रांगेच्या टोकापासून सुरू केलं. एकेका जनावराच्या कातड्यावरून हात फिरवत गेली, मान, गळ्याखालची पोळी, बरगड्या, पोटाखालून. घामानं ओली, तापलेली, थरथरणारी कातडी. कुठं ओरखडा लागला की थांबायची, बोटानं चाचपायची, गोचीड निघायची. केवळाबाई बांधावरून उतरून पलीकडच्या टोकानं तेच करत आली. कालवडीच्या खुरांपाशी ती पार खाली वाकली, कुत्र्याचा दात लागलाय का ते बघायला एकेक पाय उचलून घेतला. दोघी चांदीपाशी भेटल्या. केवळाबाईनं मान हलवली. तारामतीनं चांदीच्या पोटावर हात ठेवला आणि आत काहीतरी सरकलं.

ती पळत परत आली. "कुठंच न्हाई, आत्याबाई. चावलेलं न्हाई, छर्रा न्हाई. कुठंच न्हाई."

तेव्हा कुठं धुरपताबाईनं बंदुकीवरची पकड सोडली. बंदूक मांडीवरून घसरली. केवळाबाईनं ती बाजूला ठेवली आणि तिचं डोकं स्वतःच्या खांद्याला लावून घेतलं. धुरपताबाईचा उजवा खांदा पदराखाली वांग्यासारखा निळा पडत चालला होता.

"माझ्या हाकेला आलं गं ते," ती म्हणाली. "माझ्या हाकेला."

"आलं म्हून वाचलो," केवळाबाई म्हणाली.

बार ऐकून नरसिंग पाझर तलावावरून पळत आला. अंगावर मातीचा थर, हातात टिकाव तसाच. त्यानं आधी आईकडं पाहिलं, मग कुत्र्याकडं. मग तो रांगेत शिरला. तारामतीनं सांगितलं होतं तरी त्यानं स्वतः एकेक जनावर पाहिलं. ईश्वरप्पा म्हणाला, "दोरी बांधून वढत नेऊ, तिकडं नदीत टाकू."

"वढायचं न्हाई," धुरपताबाई म्हणाली. "आन उघड्यावर टाकायचं न्हाई. दुसरं कुत्रं खाईल त्याला."

नरसिंगानं टिकाव उचलला. जमीन भाजलेल्या विटेसारखी झाली होती. प्रत्येक घावाला ठिणगी उडावी असा आवाज यायचा आणि मूठभर माती निघायची. कुणी मदतीला आलं तरी त्यानं टिकाव दिला नाही. तळहात फुटले, लाकडाला रक्त लागलं. खड्डा कमरेएवढा झाल्यावर त्यानं फळकुटानं कुत्रं आत सरकवलं, हात न लावता. वर चुना टाकला, माती लोटली, दगड रचले. धुरपताबाईनं कनवटीतून भंडाऱ्याची पुडी काढली आणि चिमूटभर त्या दगडांवर सोडली.

दिवस डोक्यावर आला. तारामतीनं सासूच्या खांद्याला हळद लावली. नरसिंग सावलीत बसून बंदूक पुसत होता. तेलाची चिंधी काडीला बांधून त्यानं डावी नळी आतून दोनदा साफ केली. मग मोडलेली बंदूक वर उचलून मागच्या बाजूनं डोळा लावला आणि नळीतून आभाळाकडं बघितलं. मग उजवीतून. मग परत डावीतून, कितीतरी वेळ. लहानपणापासून ही बंदूक घरात होती, तिच्या आत त्यानं कधी डोळा लावला नव्हता. त्यानं बंदूक तारामतीपुढं केली.

"बघ."

तिनं पाहिलं. लांब टोकाला उजेडाचा गोल, आणि त्या गोलाच्या अलीकडं, अगदी तोंडाशी, सावलीचं एक बारीक कडं.

"दिसलं?"

"दिसलं."

"हे मला बाबानं कधी दाखवलं न्हाई," नरसिंग म्हणाला. आईकडं न बघता म्हणाला, पण आईला ऐकू जाईल असं म्हणाला. "आता लातूरला परवाना बदलायला जायचं न्हाई. तिच्याच नावावर राहू दे."

धुरपताबाई गोधडीवर आडवी झाली होती. डोळे उघडे होते. तारामतीनं भाकरीचं फडकं सोडून तिच्यापुढं सरकवलं. तिनं ते हातानंच बाजूला केलं. हाकेला आलेला जीव मातीत गेला होता, आज खाणं नव्हतं. तारामतीनं स्वतःसाठी काढलेली भाकरी परत फडक्यात ठेवली. नरसिंगानं सकाळपासून माती खणली होती, फुटलेल्या हातानं त्यानं भाकरीचा तुकडा मोडला होता. मग तोही त्यानं फडक्यात ठेवला आणि गाठ मारली.

ईश्वरप्पानं दुपारच्या पेंढ्या सोडल्या. तीन हातांवर चांदी खात होती. कोरडा कडबा तिच्या दाढांखाली मोडत होता, सावकाश, अखंड. तिघंही ते ऐकत बसली.